साखऱ्याची साखर

आमच्या साखऱ्यात गेल्या हंगामात एक गंमत झाली. गावाने ती हसून सोडून दिली. मला मात्र ती सोडून देववेना, म्हणून हा लेखप्रपंच.

साखरा हे सेनगाव तालुक्यातले, हिंगोली जिल्ह्यातले आमचे गाव. सोयाबीन, हळद आणि हरभरा यांवर त्याचा संसार चालतो. गावातल्या एका पोराने मोबाईलवर पाहून पाहून प्रोग्रॅम लिहिण्याची विद्या थोडीफार हस्तगत केली आणि चुलत्याच्या वजनकाट्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पोते काट्यावर चढावे आणि मराठीत छापलेली पावती शेतकऱ्याच्या हाती पडावी, एवढाच त्याचा हेतू. पावतीचा कागद अरुंद, म्हणून गावाच्या नावाला त्याने चार अक्षरांची जागा नेमून दिली. नाव त्याहून लांब आले तर चार अक्षरांवर तोडावे, अशी यंत्राला आज्ञा केली. हिशेब रास्त होता. साखरा तीन अक्षरी, हिंगोली तीन अक्षरी, सेनगाव चार अक्षरी. कोणाचेच नाव तुटण्याचे कारण नव्हते.

पहिली पावती निघाली. तिच्यावर गावाचे नाव होते 'साखर'. दुसरीवर हिंगोलीचे 'हिंग' झाले होते आणि तिसरीवर सेनगावचे 'सेनग'. काट्यावरची मंडळी पोट धरून हसली. "बापू, वजनाची पावती हाय का किराण्याची यादी?" असे एकाने विचारले. तेच त्याचे टोपणनाव होऊन बसले. आता त्याला 'किराणा' म्हणतात.

पोरगे जिद्दीचे. त्याने शोध घेतला, तेव्हा यंत्र 'साखरा' या शब्दाची लांबी पाच सांगते असे त्याला आढळले. तीन अक्षरे पाच कशी होतात, हे काही त्याला कळेना. जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे जिथे एकमेकांना शंका विचारतात, अशा एका सार्वजनिक ठिकाणी त्याने पदरच्या इंग्रजीत हा प्रश्न विचारला. ते ठिकाण कोणते, हे मी लिहीत नाही. एका दाराला दोष देऊन सुटण्यासारखी ही गोष्ट नव्हे. काही मिनिटांतच प्रश्नावर शिक्का बसला: हा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे, सबब बंद. सोबत त्या पूर्वीच्या प्रश्नाचा पत्ता. तो प्रश्न होता फ्रेंच भाषेतल्या, डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या 'ई' या अक्षराचा! तो वर्ण यंत्रात दोन तऱ्हांनी साठवता येतो, सुटा किंवा जोडलेला. तेव्हा आधी सगळे जोडून घ्या आणि मग मोजा, असे तिथले उत्तर. पोराने तसे केले. साखऱ्याची साखर ती साखरच राहिली. कारण 'सा' किंवा 'रा' यांचे जोडलेले, एकसंध रूप यंत्राच्या वर्णमालेत मुळी नाहीच. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार.

त्याने पुन्हा विचारले. या खेपेला, प्रथम नियम वाचून या, असे त्याला बजावण्यात आले आणि काही काळ त्याचा विचारण्याचा हक्कच काढून घेण्यात आला. तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, आता नाही विचारणार. आपलं काम नाही ते."

मी तीस वर्षे गणित शिकवले. प्रोग्रॅम लिहिणे मला येत नाही. परंतु 'आपलं काम नाही ते' हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते उच्चारल्यानंतर मुलाचे काय होते, हेही पाहिले आहे. तेव्हा ज्या रीतीने हे वाक्य त्याच्या तोंडी घातले, तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मी घेत आहे.

प्रथम त्या मंडळींची बाजू नीट मांडली पाहिजे. या प्रकारच्या सभांत सर्वांत नावाजलेली सभा म्हणजे स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की या दोन अमेरिकन गृहस्थांनी ती २००८ साली उभी केली. तिची कल्पना उदात्त होती, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. कोणीही विचारावे, कोणीही उत्तर द्यावे, चांगले उत्तर वर चढावे, वाईट खाली जावे, आणि जे जमेल ते सर्वांसाठी मोकळे राहावे. लक्षावधी माणसांनी तिथे एक पैसा न घेता लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. आज पुण्या-मुंबईत संगणकावर पोट भरणाऱ्यांपैकी त्या भाकरीचा तुकडा ज्याने कधी खाल्ला नाही, असा माणूस शोधून काढावा लागेल.

त्यांचा युक्तिवाद असा: आमची सभा म्हणजे गप्पांचा कट्टा नव्हे, ते ग्रंथालय आहे. तोच प्रश्न हजार वेळा आला, तर उत्तम उत्तर कचऱ्यात गाडले जाईल. उत्तर देणारी माणसे फुकट राबतात. अर्धवट प्रश्नांनी त्यांना पिटाळून लावले तर उत्तर देणार कोण? म्हणून चाळणी हवी. हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्याने चाळीस वह्या तपासल्या आहेत, तो तरी त्याला पोकळ म्हणणार नाही.

पण चाळणी ज्याच्या हाती दिली त्याला बक्षीस कशाचे दिले, हे पाहा. तिथे गुण मिळतात. चांगल्या उत्तराला गुण, चांगल्या प्रश्नाला गुण. मूळच्या व्यवस्थेत दुसऱ्याच्या लिखाणाखाली साधा शेरा लिहायला ५० गुण लागत आणि दुसऱ्याचा प्रश्न बंद करण्याचे मत द्यायला ३,०००. म्हणजे नवख्याला 'मला नीट समजले नाही' एवढेही दुसऱ्याच्या उत्तराखाली लिहिता येत नसे, आणि मुरलेल्याच्या हाती दाराची कडी. एखाद्या अडखळणाऱ्याला हात धरून प्रश्न नीट मांडायला शिकवावे, तर त्या कष्टाला तितकेसे मोल नाही. प्रश्न बंद करायला मात्र एक क्षण पुरतो. मग माणसे काय करणार? ज्याचे गुण मिळतात तेच करणार. आमच्या परीक्षापद्धतीने आम्हां मास्तरांचे जे केले, तेच या गुणपद्धतीने त्या मंडळींचे केले.

हे मी आकसाने म्हणत नाही. एप्रिल २०१८ मध्ये खुद्द त्या संस्थेनेच जाहीरपणे कबूल केले, की आपली सभा अनेकांना, विशेषतः नवख्यांना, स्त्रियांना आणि ज्यांना बाजूला टाकले जाते अशा लोकांना तुसडी वाटते. त्याच वर्षी वर्तनाचे नवे नियम आले. पण सौजन्याने लावलेले दारसुद्धा लावलेलेच असते! त्या पोराशी कोणी उद्धट बोलले नव्हते. 'सबब बंद' यात अपशब्द एकही नाही.

या ठिकाणी मला आमच्याच मुलखातली एक गोष्ट आठवते. वाचकांना ती ठाऊक असेल. पण तिचा उत्तरार्ध आपण विसरतो, म्हणून पुन्हा सांगतो. संतांचा मेळा जमला होता. कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, ते पाहावे म्हणून मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभारांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. बाकीचे निमूट बसले. नामदेव मात्र चिडले, आणि गोरोबांनी निवाडा दिला: हे मडके कच्चे. परंपरेने चालत आलेली ही कथा. नामदेवांचे जन्मगाव म्हणून पूज्य मानलेले नर्सी आमच्याच जिल्ह्यात, कयाधूच्या काठी आहे. तेव्हा हे कच्चे मडके आमचेच, असे म्हणायला हरकत नाही.

आता उत्तरार्ध. कच्चे ठरलेल्या नामदेवांना आपल्या जागी सोडून देण्यात आले नाही. त्यांना वाट दाखवली गेली: औंढ्याला जा, नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर भेटतील, त्यांना शरण जा. ते औंढाही आमच्याच जिल्ह्यात. नामदेव गेले, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकले, तेव्हा ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. त्या एका वाक्यात मडके भाजून निघाले. पुढे तेच मडके पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात बसली. थापटणे मारण्याचा अधिकार गोरोबांना होता, यात वाद नाही. परंतु थापटण्यापाठोपाठ औंढ्याची वाट होती, म्हणून ती संतसभा ठरली. नुसते थापटणे असते, तर कच्चे मडके घरी परतले असते आणि म्हणाले असते, आपलं काम नाही ते.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या सभेला माझे पहिले मागणे एवढेच आहे. प्रश्न बंद करा, खुशाल करा. परंतु बंद करणाऱ्याने आपल्या शब्दांत एक वाक्य लिहिलेच पाहिजे: तुझी अडचण अशी दिसते, आणि तिची वाट अमुक ठिकाणी आहे. एवढे वाक्य लिहायचे तर प्रश्न वाचावा लागतो. आमच्या पोराचा प्रश्न कोणी वाचला असता, तर मराठीतल्या मुलाला फ्रेंच अक्षराच्या दारात कोणी सोडले नसते. दुसरे मागणे असे, की अडखळता प्रश्न नीट उभा करून देणाऱ्याला उत्तर देणाऱ्याइतकेच गुण द्या. २०२४ साली स्टॅक ओव्हरफ्लोने नवख्याचा प्रश्न चव्हाट्यावर येण्याआधी जाणत्यांनी तो दुरुस्त करण्यास मदत करावी, अशी एक सोय केली. पाऊल योग्य दिशेचे आहे. सोळा वर्षांनी पडले, एवढीच तक्रार.

यावर आजचा तरुण हसून म्हणेल, गुरुजी, तुम्ही कोणत्या काळात वावरता? आता यंत्रच उत्तर देते! नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे नवे प्रश्न झपाट्याने घटले, हे खरे आहे. यंत्र 'बंद' म्हणत नाही, नियम वाचून ये असे दटावत नाही, मोडक्या भाषेला हसत नाही. जे सौजन्य माणसांनी दाखवायचे होते ते यंत्राने दाखवले, आणि माणसे त्याच्याकडे गेली. यात नवल ते काय?

परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. यंत्राला ही विद्या आली कुठून? लक्षावधी माणसांनी फुकट भाजलेल्या त्याच भाकऱ्यांतून. २०२१ साली ती सभा चालवणारी कंपनी १८० कोटी डॉलरांना विकली गेली आणि मे २०२४ मध्ये तिने चॅटजीपीटीच्या मालकांशी करार केला. तेव्हा काही उत्तरदात्यांनी संतापून आपलीच उत्तरे पुसायला घेतली. आयत्या बिळात नागोबा शिरला, असे त्यांना वाटले असल्यास मी त्यांना दोष देणार नाही. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यंत्राशी झालेले बोलणे खाजगी असते. आमच्या पोराने यंत्राला विचारले आणि उत्तर मिळाले, तरी ते त्याच्या मोबाईलमध्ये राहणार. उद्या किनवटच्या किंवा जिंतूरच्या पोराला तीच ठेच लागली, तर त्याला इथे एक माणूस आधी ठेचाळला होता, हे कळण्याचा मार्ग नाही. सभा नष्ट झाली तर उत्तरे कदाचित राहतील. सोबत राहणार नाही.

आता भाषेकडे वळतो. स्टॅक ओव्हरफ्लोने इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी अशा चार भाषांत आपल्या शाखा उघडल्या. मराठीत नाही, हिंदीत नाही, भारताच्या कोणत्याही भाषेत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. पण या अभिजात भाषेतला 'साखरा' हा शब्द किती अक्षरांचा, हे यंत्राला कसे विचारावे, ते मराठीत सांगणारी एक ओळ त्या पोराला कुठे सापडली नाही. मग पेढे कशाचे?

त्या प्रश्नाचे उत्तर अखेर मिळाले. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला मी फोन लावून दिला आणि त्याने पंधरा मिनिटांत पोराला सारे समजावले, तेही आपल्या गावच्या मराठीत. यंत्राच्या वहीत, म्हणजे युनिकोडमध्ये, मूळ वर्णाला एक घर आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना प्रत्येकी वेगळे घर. स, काना, ख, र, काना: झाली पाच घरे. चार घरांवर तोडले की शेवटचा काना गळतो आणि साखऱ्याची साखर होते. हिंगोलीची घरे सात. ह, वेलांटी, अनुस्वार, ग एवढ्यावर तोडले की उरतो हिंग. तेव्हा घरे मोजू नयेत, अक्षरे मोजावीत; त्यासाठी युनिकोडचा वेगळा नियम आहे. त्या नियमातही खोट होती: 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' तो दोन तुकड्यांत तोडी. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली, आणि नव्या नियमाने विठ्ठल तीन अक्षरांचा झाला. पोराचे काम झाले. गावाचे नाव आता पुरे छापले जाते. 'किराणा' हे टोपणनाव तेवढे राहिले.

मी त्या विद्यार्थ्याला म्हटले, "हे सारे मराठीत लिहून कुठेतरी मोकळे ठेव ना." तो म्हणाला, "सर, मराठीत कोण वाचणार? आणि शब्द तरी कुठे आहेत?"

माझे खरे भांडण इथे आहे. अमेरिकेतल्या कोणा अनोळखी माणसाशी नाही. पुण्यातल्या, हिंजवडीतल्या, बंगळुरातल्या, न्यू जर्सीतल्या माझ्याच माणसांशी आहे. शब्द नाहीत म्हणता? आमच्या सेनगावच्या बाजारात मोटारीची कॉईल भरणाऱ्या मिस्त्रीकडे जाऊन बसा. "एक फेज गेली, स्टार्टर ट्रिप झाला, कॉईल जळाली, आधी कपॅसिटर बघा," असे तो शेतकऱ्याला सांगतो. शब्द कुठलेही असोत, सांगणे मराठी आहे; आणि शेतकरी समजून घेऊन घरी जातो. 'लूप'ला लूप म्हणा, 'फंक्शन'ला फंक्शन म्हणा, कोण अडवतो? जडजंबाल पारिभाषिक शब्द घडवल्याशिवाय मराठीत विद्या सांगता येत नाही, ही सबब विद्वानांनी काढली आणि आळशांनी उचलली.

आणि मराठीत सभा चालत नाही म्हणता? १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे सर्वांनी मिळून चर्चा करण्याच्या जागेचे नाव काय ठेवले आहे? चावडी! बिनपगारी माणसांनी तो वीस वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. राहिले मागण्याचे. 'ॲप'मधला 'ॲ' हा मराठी वर्ण १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये नव्हता. त्याला स्वतःचे घर मिळाले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. यंत्राचे नियम ब्रह्मलिखित नाहीत. सकारण मागितले तर ते बदलतात. मात्र मागायला कोणी तरी तोंड उघडावे लागते. आणि ज्याला पहिल्याच प्रश्नाला गप्प बसवले, तो पुढे मागायला कसा येणार?

म्हणून माझे तिसरे मागणे आपल्या माणसांकडे आहे. महिन्यातून एक शंका मराठीत सोडवा आणि ती मोकळ्या जागी लिहून ठेवा. मोडकी मराठी चालेल, इंग्रजी शब्दांनी भरलेली चालेल. खाली आपले नाव घाला, म्हणजे पुढच्या पोराला कळेल की इथून कोणी तरी गेले आहे. माझ्या विद्यार्थ्याची पंधरा मिनिटे फोनमध्ये विरून गेली. ती लिहिली असती, तर पुढच्या दहा गावांतल्या पोरांना पुण्यात ओळखीचा माणूस असण्याची गरज उरली नसती. आमच्या पोराला त्याच्या गुणांमुळे उत्तर मिळाले नाही. त्याच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत होता आणि त्या मास्तराकडे एक फोन नंबर होता, म्हणून मिळाले. ज्या विद्येला सारे जग मोकळी म्हणते, तीही शेवटी ओळखीनेच मिळायची असेल, तर त्या मोकळेपणाचा गरिबाला उपयोग तो काय?

या दिवाळीला तो विद्यार्थी गावी येणार आहे. फराळाला बोलावले आहे. त्या पोरालाही बोलावले आहे. दोघांना एका पाटावर बसवून, ते पंधरा मिनिटांचे बोलणे कागदावर उतरल्याखेरीज कोणाला उठू द्यायचे नाही, असा माझा बेत आहे. सुरुवात 'साखरा या शब्दात अक्षरे किती?' या प्रश्नापासून होईल, आणि तो प्रश्न कोणी बंद करणार नाही.